पन्नास रुपयांच्या तिकिटाचा हिशेब

राज्य सरकारांच्या अर्थसंकल्पात लॉटरीची नोंद एका विचित्र पद्धतीने होते. तिकीटविक्रीचा सगळा गल्ला करेतर महसुलात, ‘संकीर्ण सर्वसाधारण सेवा’ या लेखाशीर्षाखाली जमा दाखवला जातो. बक्षिसे, एजंटांचे कमिशन, छपाई आणि जाहिराती यांवरचा पैसा मात्र दुसऱ्या बाजूला खर्च म्हणून पडतो. जमेचे पान एकट्याने वाचणाऱ्याला वाटते, की सरकारच्या हाती घबाड लागले आहे. केरळचे उदाहरण बोलके आहे. तिथली तिकीटविक्री गेल्या काही वर्षांत वर्षाला बारा हजार कोटी रुपयांच्या घरात गेली आणि राज्याच्या करेतर महसुलातला सर्वांत मोठा वाटा लॉटरीचाच दिसू लागला. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा आकडा येतो, दुसऱ्या राज्यांचे अर्थमंत्री तो वाचतात, आणि ‘आपणही हे का करू नये’ असा प्रश्न मंत्रिमंडळाच्या बैठकीत निघतो. वित्तीय अडचणीत सापडलेल्या हिमाचल प्रदेशाने १९९९मध्ये बंद केलेली लॉटरी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय २०२५मध्ये घेतला. त्याच वर्षी महाराष्ट्राने केरळच्या पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी आमदारांची समिती नेमली. लॉटरी चांगली की वाईट, हा वाद जुना आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी नीतिपाठच अधिक ऐकू येतात. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. लॉटरी हा कर आहे असे मानले तर तो कर म्हणून कसा आहे? कोण भरतो, गोळा करायला किती खर्च येतो, आणि शेवटी लोकांच्या कामाला किती उरते?

सरकारने सोडती काढून लोकोपयोगी कामांसाठी पैसा उभा करावा, ही कल्पना आपल्याकडे समजतो त्याहून जुनी आहे. कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्याचा टाऊन हॉल लॉटरीच्या पैशातून उभा राहिला. १८१७मध्ये तिथे चक्क ‘लॉटरी कमिटी’ नावाची समिती बसली आणि तिने शहराचा नकाशा बदलला. कॉलेज स्ट्रीट, कॉर्नवॉलिस स्ट्रीट, वेलस्ली स्ट्रीट, हुगळीकाठचा स्ट्रँड रोड या रस्त्यांमागे आणि पाण्यासाठी खोदलेल्या तलावांमागे तिकिटांचा पैसा आहे. १८३६मध्ये विलायतेतल्या लोकमताच्या दडपणाखाली ती पद्धत बंद पडली. आजच्या वाचकाला या प्रकरणातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी वाटेल. त्या समितीच्या पैशाचे काय झाले, ते डोळ्यांनी दिसते. रस्ता आहे, तलाव आहे. पुढे १८७०मध्ये भारतीय दंडविधानात कलम २९४-अ आले आणि सरकारच्या परवानगीविना लॉटरीचे कार्यालय चालवणे गुन्हा ठरला. म्हणजे सोडतीचा धंदा पाप ठरला नाही, तो फक्त सरकारच्या हाती गेला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनेही हीच वाटणी कायम ठेवली. जुगार आणि पैज हा विषय राज्यांच्या सूचीत आहे, पण सरकारी लॉटरी केंद्राच्या सूचीत चाळिसाव्या नोंदीखाली आहे. १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या गाजलेल्या खटल्यात, जुगार हा व्यापार नाही आणि म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही, असे सांगितले. तो खटला मुंबईत लोकप्रिय झालेल्या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचा होता. खाजगी माणसाने केले तर व्यापारही नाही असे जे कृत्य, तेच सरकारने केले की महसूल, असा आपला कायदेशीर पाया आहे. तो चुकीचा आहे असे नाही. दारूबाबतही आपण तसेच वागतो. पण मक्तेदारी घेणाऱ्यावर हिशेब देण्याची जबाबदारी इतरांहून जास्त पडते.

आधुनिक भारतीय लॉटरीची सुरुवात १९६७मध्ये केरळात झाली. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री पी. के. कुंजू यांनी खाजगी लॉटऱ्यांवर बंदी घालून स्वतंत्र लॉटरी खाते स्थापन केले. पहिले तिकीट एक रुपयाचे होते, पहिले बक्षीस पन्नास हजारांचे, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी निघाली. महाराष्ट्राची राज्य लॉटरी त्याच्या मागोमाग १२ एप्रिल १९६९ रोजी आली. तिच्यामागे महसुलाइतकेच दुसरेही कारण सांगितले गेले, ते म्हणजे मटका. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या आकड्यांनी गिरणगावापासून गावोगावच्या पानटपऱ्यांपर्यंत जाळे विणलेले होते. सरकारी तिकीट मिळू लागले की लोक बेकायदा आकड्यापासून दूर होतील, अशी अपेक्षा होती. पुढच्या दोन दशकांत देशातल्या बहुतेक राज्यांनी लॉटऱ्या काढल्या आणि नंतर अनेकांनी त्या बंद केल्या. तामिळनाडूने २००३मध्ये आणि कर्नाटकाने २००७मध्ये लॉटरी बंद केली. (तामिळनाडूने ज्या वर्षी लॉटरी सोडली, त्याच वर्षी दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे घेतली. खजिन्याची भूक एका दारातून गेली ती दुसऱ्या दारातून आत आली.) आज केरळ, महाराष्ट्र, गोवा, पंजाब, पश्चिम बंगाल आणि ईशान्येतली काही राज्ये लॉटरी चालवतात. त्यांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि कोणता प्रकार समोर ठेवतो यावर आपले मत पुष्कळ अंशी ठरते.

पहिला प्रकार केरळचा. तिथे सरकार स्वतः तिकिटे छापते, स्वतःच्या जिल्हा कार्यालयांतून एजंटांना विकते आणि तिरुवनंतपुरममध्ये जाहीरपणे सोडत काढते. मधे ठेकेदार नाही. तिकीट विकणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यांत अपंग, वृद्ध, विधवा आणि दुसरे काम न मिळणारी माणसे मोठ्या प्रमाणात आहेत, आणि त्यांच्यासाठी वेगळे कल्याण निधी मंडळही आहे. दुसरा प्रकार ईशान्येतल्या काही लहान राज्यांचा. त्यांची स्वतःची लोकसंख्या तुटपुंजी, त्यामुळे तिकिटे दूरच्या राज्यांत खपवायची, आणि तेवढे जाळे स्वतःकडे नाही म्हणून सगळा कारभार एका-दोन वितरकांना ठरावीक रकमेवर देऊन टाकायचा. तिकिटावर राज्याचे बोधचिन्ह असते, विकत घेणारा बंगालमधला हमाल असतो, आणि पैसा मधल्या वितरकाच्या हातून वाहतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात. सरकारला आगाऊ ठरलेली रक्कम मिळाली की रयतेकडून किती वसूल होते, याची चौकशी करण्यात कुणालाच रस नसे. हा प्रकार तोच आहे. १९९८च्या लॉटरी नियमन कायद्याने तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा व्हावी अशी स्पष्ट अट घातली आहे. तरीही मिझोरामच्या लॉटरीची २०१२ ते २०१५ या वर्षांची तपासणी करताना महालेखापरीक्षकांना आढळले, की साडेअकरा हजार कोटींहून अधिक विक्रीची रक्कम राज्याच्या खात्यात आलीच नाही आणि राज्याच्या पदरात पडले ते पंचवीस कोटींच्या आसपास. म्हणजे शंभर रुपयांच्या तिकिटांमागे पंचवीस पैशांहूनही कमी. पुढे मार्च २०२४मध्ये निवडणूक रोख्यांची यादी जाहीर झाली, तेव्हा सर्वांत मोठा खरेदीदार कोण निघाला? लॉटरी वितरणातली फ्युचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस ही कंपनी. २०१९ ते २०२४ या काळात तिने १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेतले होते. या व्यवहारांत काय बेकायदा होते, ते न्यायालये ठरवतील. आपल्यापुरता मुद्दा इतकाच, की ठेक्याने दिलेल्या लॉटरीत राज्याच्या खजिन्यापेक्षा वितरकाच्या हाती कितीतरी अधिक पैसा खेळतो, आणि लोककल्याणाचे नाव या प्रकाराला लावण्याचा प्रश्नच येत नाही. हा प्रकार बाजूला ठेवू. लॉटरीची बाजू मांडायची, तर ती केरळच्या आधारानेच मांडली पाहिजे.

केरळच्या तिकिटाचा हिशेब करून पाहू. २०२५च्या उन्हाळ्यात तिथल्या रोजच्या तिकिटाची किंमत चाळिसावरून पन्नास रुपये झाली. वस्तू व सेवा कर तेव्हा २८ टक्के होता आणि तो तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. पन्नासातले १० रुपये ९४ पैसे करात गेले, निम्मे केंद्राला आणि निम्मे राज्याला. बक्षिसांवर साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीस रुपये. उरले नऊ रुपये. त्यातून विक्रेत्याचे व एजंटाचे कमिशन, छपाई, जाहिराती, खात्याचे पगार, आणि हे सगळे भागवून राहील तो राज्याचा नफा. याचा अर्थ असा, की तिकिटाचा धंदा कितीही वाढला तरी निव्वळ नफा बारीकच राहतो आणि सरकारची खरी प्राप्ती करात असते. लॉटरीवरचा कर १२ टक्के होता त्या भरभराटीच्या काळातही, २०१८-१९मध्ये, नऊ हजार कोटींच्या वर विक्री करून केरळला साधारण सतराशे कोटींच्या आसपास नफा झाला. डिसेंबर २०१९मध्ये जीएसटी परिषदेने लॉटरीवर सरसकट २८ टक्के कर ठरवला. परिषदेच्या इतिहासात प्रथमच मतदान घ्यावे लागले ते याच विषयावर, आणि त्याला विरोध करण्यात केरळ पुढे होते. २२ सप्टेंबर २०२५पासून हा दर ४० टक्के झाला. आता पन्नासातले १४ रुपये २९ पैसे करात जातात, आणि किंमत वाढवायची नसेल तर बक्षिसांना, कमिशनला किंवा नफ्याला कात्री लावण्यावाचून गत्यंतर नाही.

आता याच गणिताकडे कर गोळा करण्याची यंत्रणा म्हणून पाहा. देशाच्या आयकर विभागाला शंभर रुपये गोळा करायला एक रुपयाही खर्च येत नाही. लॉटरीत शंभर रुपयांची तिकिटे खपवली की साठ रुपये बक्षीस म्हणून काही खेळणाऱ्यांकडे परत जात आणि २८ टक्के दर असताना केंद्र-राज्य मिळून बाविसेक रुपये करात मिळत. बाकीच्या अठरांतला फार मोठा भाग विक्रीच्या साखळीतच संपे. सरकारांच्या हाती पडणाऱ्या दर रुपयामागे विक्रीवर इतका खर्च होणारा दुसरा कोणताही कर आपण सहन केला नसता. तेवढ्या मिळकतीसाठी किती तिकिटे खपवावी लागतात तेही पाहण्यासारखे आहे. केरळची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास धरली, तर बारा हजार कोटींची विक्री म्हणजे तान्ह्या मुलासकट माणशी वर्षाला जवळजवळ साडेतीन हजार रुपये. पर्यटक आणि शेजारच्या तामिळनाडूत चोरून जाणारी तिकिटे वजा केली तरी आकडा लहान होत नाही. शिवाय सगळीच कुटुंबे तिकीट घेत नाहीत. रोज घेणाऱ्याचा वाटा सरासरीच्या कितीतरी वर असणार. आणि रोज घेणारा कोण, हे तिकीट कुठे विकले जाते त्यावरून कळते: बसस्थानक, बाजार, मजूरअड्डा, सरकारी रुग्णालयाचे फाटक. अमेरिकेत चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि फिलिप कुक या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९मध्येच दाखवून दिले, की लॉटरीतला सरकारी वाटा हा छुपा कर आहे आणि तो उत्पन्नाच्या प्रमाणात गरिबावर अधिक बसतो. आपल्याकडे तो वेगळा वागेल असे मानायला काही आधार नाही.

खेळणाऱ्याला काय मिळते, हाही हिशेबाचाच भाग आहे. २०२२च्या ओणम बंपरचे पहिले बक्षीस पंचवीस कोटींचे होते आणि तिकीट पाचशे रुपयांचे. ६६ लाखांहून अधिक तिकिटे खपली, म्हणजे तीनशे तीस कोटींवर गल्ला. त्यातला जीएसटीच बहात्तर कोटींच्या घरात जातो, पहिल्या बक्षिसाच्या जवळजवळ तिप्पट. ज्याला ते बक्षीस लागले त्याच्या रकमेतून दहा टक्के एजंटाचे कमिशन आणि उरलेल्यावर तीस टक्के आयकर कापला गेला, आणि हाती आले १५ कोटी ७५ लाख. अधिभार धरला तर तेही कमी होतात. आयकर कायद्यात लॉटरीच्या बक्षिसावर सपाट तीस टक्के दर आहे. कसलीही वजावट नाही, उत्पन्नाची मर्यादा नाही, आणि आयुष्यभर घेतलेल्या हरलेल्या तिकिटांचा खर्चही त्यातून वजा होत नाही. म्हणजे घेताना कर आणि जिंकल्यावर पुन्हा कर. साठ टक्के परत मिळतात असे आपण म्हणतो, ते मोठ्या बक्षिसांच्या बाबतीत प्रत्यक्षात चाळिसाच्या जवळ येते. त्या वर्षीच्या विजेत्याला, एका रिक्षाचालकाला, मदत मागणाऱ्यांच्या रांगेमुळे घराबाहेर पडणे मुश्कील झाले आणि त्याने बक्षीस लागल्याचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला. त्यानंतर लॉटरी खात्याने मोठ्या विजेत्यांसाठी पैशाच्या व्यवस्थापनाचे प्रशिक्षण सुरू केले. खात्याला त्याबद्दल शाबासकी द्यायला हवी, पण गरज निर्माण झाली यातच बरेच काही आले. लहान बक्षिसांची गोष्ट वेगळी. शंभर-पाचशेचे बक्षीस लागले की बहुतेक वेळा त्याच स्टॉलवर त्याची नवी तिकिटे होतात. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: तिकीट घ्या म्हणून कुणी जबरदस्ती करत नाही. खरे आहे. पन्नास रुपयांत आठवडाभर स्वप्न पाहायचा आनंद कुणी विकत घेत असेल, तर त्यात नाक खुपसायचे आपल्याला कारण नाही. सिनेमाच्या तिकिटाबद्दल आपण असे प्रश्न विचारत नाही. पण स्वखुशीला माहितीची जोड हवी. सिगारेटच्या पाकिटावर इशारा असतो, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखमीचे वाक्य असते. सरकारी लॉटरीच्या तिकिटावर देवीचे चित्र असते, बक्षिसाचा आकडा ठळक असतो. पण पहिले बक्षीस लागण्याची शक्यता किती आणि तिकिटातले किती पैसे बक्षिसात जातात, ते ठळक अक्षरांत कुठे असते? शिवाय ज्याला पर्यायच ठेवलेला नाही त्याच्या निवडीला स्वखुशी म्हणताना जपून म्हणावे. इतर बहुतेक जुगार बेकायदा ठरवून सरकारने स्वतःपुरते दुकान उघडे ठेवले आहे. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हाही राज्यांच्या लॉटऱ्या कायम राहिल्या. एकमेव दुकानदाराने ठेवलेली किंमत बाजारभाव नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आणि महाराष्ट्राच्या लॉटरीच्या जन्माशी निगडित आहे: सरकारने लॉटरी बंद केली तर लोक मटक्याकडे जातील. सत्तावन्न वर्षांच्या अनुभवानंतर याचे उत्तर देता येते. महाराष्ट्रात राज्य लॉटरी अखंड चालू आहे आणि मटकाही. गिरण्या बंद पडल्या, खत्रीचा जमाना संपला, पण आकडा चिठ्ठीवरून मोबाइलवर गेला. याचे कारण पोलिसांच्या ढिलाईत शोधले जाते, ते थोडेफार आहेही, पण मुख्य कारण गणिती आहे. मटक्यात एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहात एक आणि लागल्यास साधारण नऊ पट पैसे. म्हणजे शंभरातले नव्वद परत. सरकारी तिकीट साठ परत देते. मटक्यात रुपया-दोन रुपयेही लावता येतात, उधारी चालते, निकाल रोज दोनदा लागतो आणि आकडा आपल्या मनाने निवडता येतो. एवढे सगळे असताना पक्का खेळणारा केवळ कायदेशीर आहे म्हणून साठ टक्क्यांच्या खेळाकडे का वळेल? सरकारी तिकीट घेणारा बहुधा वेगळाच माणूस असतो, जो मटक्याच्या वाटेला कधी गेला नसता. लॉटरीने जुन्या जुगाऱ्याला सुधारले याचा पुरावा नाही. नवे गिऱ्हाईक तयार झाले याची खूण मात्र महाराष्ट्राने २००० नंतरच्या दशकात पाहिली, ऑनलाइन लॉटरीच्या केंद्रांपुढे लागलेल्या रांगांत. प्लेविनच्या जाहिराती आठवणाऱ्या वाचकाला ते दिवस सांगायला नकोत. कायद्याने एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच काढायची आहे. पण निराळ्या नावाच्या योजना काढून ही अट पाळूनही मोडता येते, आणि २०१०च्या नियमांनी तर एका राज्याला दिवसात चोवीस सोडतींची मुभा दिली. मटक्याला उतारा म्हणून आणलेल्या गोष्टीने मटक्याचीच चाल उचलली, फक्त मोबदला कमी ठेवला.

तिसरा आक्षेप विक्रेत्यांचा, आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. केरळात लॉटरी ही लाखभर लोकांची रोजी आहे. महाराष्ट्रातही रेल्वे स्थानकांबाहेरच्या लहान स्टॉलवर बसणारी हजारो माणसे त्यावर जगतात. लॉटरीचा सर्वांत ठोस सामाजिक लाभ विचारला तर मी खजिन्याचे नाव घेणार नाही, विक्रेत्यांचे घेईन. तिथे पैसा खरोखर अशा माणसाकडे जातो ज्याला दुसरीकडे काम मिळणे कठीण असते. पण याची दुसरी बाजूही आहे. तिकिटे रोखीने उचलायची आणि खपली नाहीत तर नुकसान विक्रेत्याचे. न खपलेल्या तिकिटालाच बक्षीस लागल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो, पण त्या बातमीमागे रोज न खपलेल्या तिकिटांचा तोटा पोटात घेणारी हजारो माणसे असतात. राज्याने अपंगांना उपजीविका देण्याची जबाबदारी अशा जोखमीच्या धंद्यावर टाकली आहे, आणि तो पैसाही येतो दुसऱ्या गरिबांच्या खिशातून. लॉटरी बंद करायची तर या माणसांची सोय आधी करावी लागेल. तामिळनाडू व कर्नाटकात बंदी आली तेव्हा ती एका फटक्यात आली आणि विक्रेते रस्त्यावर आले. तो मार्ग योग्य नव्हता.

शेवटचा आक्षेप लोककल्याणाचा. लॉटरीचा पैसा चांगल्या कामाला जातो, मग तो कसा आला याची चर्चा कशाला? इथे केरळच्या ‘कारुण्य’ लॉटरीचा दाखला देतात, आणि तो द्यायलाच हवा, कारण आपल्या देशातला तो सर्वांत प्रामाणिक प्रयोग होता. २०११मध्ये अर्थमंत्री के. एम. मणी यांनी ही लॉटरी सुरू केली. तिची मिळकत एका वेगळ्या निधीत जाई आणि त्यातून कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार, हृदयरोग, हिमोफिलिया अशा खर्चिक आजारांसाठी गरीब रुग्णांना लाखो रुपयांपर्यंतची मदत थेट रुग्णालयाकडे जात असे. तिकीट नाही लागले तरी कुणाच्या तरी डायलिसिसला हातभार लागला, असे घेणाऱ्याला म्हणता येई. ही लॉटरी लोकप्रिय झाली त्यात नवल नाही. पण पुढे काय झाले ते महत्त्वाचे. उपचाराचा खर्च वाढत गेला आणि २०१९नंतर ही मदत ‘कारुण्य आरोग्य सुरक्षा पद्धती’ या सर्वसाधारण आरोग्यविमा योजनेत सामावली गेली. ती योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते आणि तिच्यात केंद्राचाही हिस्सा आहे. आरोग्यासाठी हा बदल चांगलाच झाला. रुग्णाचा उपचार सोडतीच्या विक्रीवर अवलंबून राहू नये. मात्र त्याच क्षणी लॉटरी आणि उपचार यांतला धागा सुटला. तिकिटावरचे नाव राहिले, पैसा एकत्रित निधीत मिसळला, आणि कोणत्या रुपयाने कुणाचे डायलिसिस झाले हे सांगायची सोय संपली.

परदेशातही अनुभव याच्या आसपासचाच आहे. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९९४मध्ये सुरू झाली, तेव्हा कायद्याने वेगळा वितरण निधी केला गेला. पौंडातले पन्नास पेनी बक्षिसांना, अठ्ठावीस पेनी कला, क्रीडा, वारसा, धर्मादाय अशा कामांना, बारा सरकारी शुल्कात आणि उरलेले विक्रेता व चालक कंपनी यांना. सरकार जे खर्च करतेच त्याची जागा या पैशाने घ्यायची नाही, तो वरचा पैसा असावा, असे तत्त्वही ठरले. माझ्या मते लॉटरीची यापेक्षा स्वच्छ रचना कुठे झालेली नाही. तरीही २०१२च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च वाढला, तेव्हा इतर कामांचा वाटा तिकडे वळवला गेलाच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरने १९६४मध्ये शाळांसाठी म्हणून लॉटरी काढली आणि पुढे बहुतेक राज्ये शिक्षणाच्या नावाने तेच करत गेली. जॉर्जियाने १९९३पासून लॉटरीतून महाविद्यालयीन शिष्यवृत्त्या दिल्या. योजना नावाजली गेली, पण संशोधकांना दिसले, की तिकिटे गरीब वस्त्यांत जास्त खपतात आणि शिष्यवृत्त्या मध्यमवर्गाच्या मुलांना जास्त मिळतात. चांगल्या कामाचे नाव तिकिटावर छापले म्हणून पैसा वरून खाली वाहतो असे नाही. कधी कधी तो खालून वरही जातो.

आता महाराष्ट्राकडे. राज्याची लॉटरी अल्पबचत खात्याच्या जोडीने वाशीहून चालते, गुढीपाडवा-दिवाळीचे बंपर निघतात, सागरलक्ष्मी, पद्मिनी, आकर्षक पुष्कराज ही तिकिटे स्टॉलवर असतात, पण उलाढाल केरळच्या तुलनेत नगण्य आहे. ती वाढवून केरळइतकी केली तर काय मिळेल? केरळने चांगल्या वर्षी कमावला तो सतराशे कोटींचा नफा महाराष्ट्राला झाला असे धरू. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा ५ लाख ६० हजार कोटींच्या वर धरलेली आहे. सतराशे कोटी म्हणजे त्याचा ०.३ टक्का. लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी छत्तीस हजार कोटी ठेवले होते. लॉटरीचा सगळा नफा त्यात ओतला तरी सतरा दिवस निघतील. आणि एवढ्यासाठी नऊ-दहा हजार कोटींची तिकिटे लोकांच्या गळ्यात मारावी लागतील, ज्यांतली पुष्कळशी त्याच योजनेच्या लाभार्थ्यांच्या घरांतून खरेदी होतील.

याहूनही मोठी गोष्ट कायद्यात दडलेली आहे आणि ती महाराष्ट्रातल्या चर्चेत क्वचितच येते. १९९८च्या कायद्याचे पाचवे कलम राज्याला इतर राज्यांच्या लॉटऱ्यांवर बंदी घालण्याचा अधिकार देते. पण १९९९मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला अट जोडली. जे राज्य स्वतः लॉटरी चालवते, त्याला दुसऱ्याची लॉटरी अडवता येणार नाही. बंदी घालायची तर आधी स्वतःची बंद करा. म्हणजे आपली छोटीशी राज्य लॉटरी जोवर चालू आहे, तोवर वितरकांमार्फत चालणाऱ्या परराज्यांतल्या सगळ्या तिकिटांसाठी महाराष्ट्राचे दार कायद्याने उघडे आहे. त्यांच्या नावाआड चालणारी बेकायदा केंद्रे वेगळीच. आपल्या हाती येणाऱ्या थोड्या नफ्याच्या मोबदल्यात आपण ही किंमत मोजतो आणि ती कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही.

त्यामुळे महाराष्ट्रापुरता माझा कौल लॉटरी वाढवण्याच्या विरोधात आणि ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या बाजूने आहे. आधी विक्रेत्यांची यादी करून त्यांना दुसऱ्या व्यवसायासाठी स्टॉलचा परवाना आणि काही वर्षांचे अर्थसाहाय्य द्यावे, मग राज्याची सोडत थांबवावी आणि त्याच दिवशी पाचव्या कलमाचा वापर करून इतर राज्यांची तिकिटेही रोखावीत. केरळची गोष्ट वेगळी आहे. तिथे लाखभर लोकांची रोजी अडकलेली आहे, सरकारचा स्वतःचा प्रामाणिक कारभार आहे, आणि ते राज्य एका रात्रीत हे सोडू शकणार नाही. पण तिथेही तिकिटाच्या मागच्या बाजूला पन्नास रुपयांची वाटणी आणि पहिल्या बक्षिसाची शक्यता मल्याळममध्ये ठळक छापायला काय हरकत आहे? आणि आपल्या सरकारला लॉटरी ठेवायचीच असेल, तर समितीचा अहवाल सभागृहात मांडला जाईल तेव्हा सदस्यांनी उलाढालीचा आकडा ऐकून बाके वाजवू नयेत. कमिशन, छपाई, जाहिरात वजा जाता निव्वळ किती उरले, ते कोणत्या जिल्ह्यांतून गोळा झाले, आणि त्यातून कोणते असे काम झाले जे एरवी झाले नसते, ही तीन उत्तरे मागावीत आणि ती मिळेपर्यंत मागणीला मंजुरी देऊ नये.